बंद गाडीत जागं कोण?

गाडी लावली, किल्ली काढली, दारं लॉक केली, आत दिवा राहिला नाही ना हेही काचेतून वाकून पाहिलं. चार दिवसांनी येऊन सेल्फ मारावा, तर बोनेटखालून नुसतं टक्-टक्-टक्. बॅटरी उतरली! पण वीज गेली कुठे? ती हवेत तर उडून जात नाही. खर्च व्हायची तर तिला बॅटरीच्या एका टोकातून निघून, कुठल्या तरी तारेतून आणि कुठल्या तरी वस्तूतून वाट काढत दुसऱ्या टोकाला यावंच लागतं. म्हणजे तुम्ही जेवत होतात, झोपत होतात, लोकलने ऑफिसला जात होतात, तेव्हा पार्किंगमधल्या त्या बंद गाडीत काहीतरी चालू होतं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. काहीतरी चालू असणं हा बिघाड नाहीच! शोरूममधून काल आणलेली गाडीसुद्धा रात्रभर थोडी थोडी वीज खात असते. शोधायचं असतं ते हे, की जागं राहायची परवानगी असलेल्यांखेरीज आणखी कोण जागं आहे. त्यासाठी ऑटो इलेक्ट्रिशियन जी पद्धत वापरतात ती इतकी देखणी आहे, की बॅटरी उतरल्याचा राग निम्मा तरी विसरायला होतो.

आधी बोनेटखालच्या त्या जड डब्याकडे बघू. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी पहिली बॅटरी बनवली. आज आपल्या गाडीत मूळ तत्त्वाने तीच बसलेली आहे. आत सहा कप्पे, म्हणजे सहा सेल. प्रत्येक सेल साधारण 2.1 व्होल्टचा. म्हणून ‘बारा व्होल्ट’ची बॅटरी पूर्ण भरली की मीटर बारा नाही, 12.6 दाखवतो. एका पत्र्यावर शिसं, दुसऱ्यावर लेड डायऑक्साइड. वीज देताना दोन्हींवर लेड सल्फेट साठतं आणि आम्ल पातळ होत जातं. चार्जिंग करताना हीच क्रिया उलटी फिरते. दीडशेहून जास्त वर्षं हा खेळ असाच चालू आहे.

पण शिशातूनच एवढा जोर का निघतो? आवर्त सारणीत शिशाच्या बरोबर वर कथिल बसतं. गुणांनी दोघं जवळची. मग कथिलाची अशी बॅटरी का नाही? याचं उत्तर 2011 साली राजीव आहुजा, पेक्का प्यूक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने काढलं, आणि ते वाचून भले भले चकित झाले. शिशाच्या अणूच्या केंद्रात 82 प्रोटॉन असतात. त्यांची ओढ इतकी जबर, की अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या साठेक टक्के वेगाने धावतात. एवढ्या वेगाला न्यूटनचे नियम पुरत नाहीत. तिथे आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद लागू होतो आणि इलेक्ट्रॉनांची मांडणीच बदलून जाते. एका सेलच्या 2.1 व्होल्टपैकी 1.7 ते 1.8 व्होल्ट निव्वळ या परिणामाचे! तो नसता तर सहा सेल मिळून दोन-सव्वादोन व्होल्टच हाती लागले असते आणि सेल्फ जागचा हलला नसता. आइन्स्टाइनचा जन्म 1879 चा. म्हणजे त्याच्या जन्माच्या वीस वर्षं आधी प्लांते सापेक्षतावाद आम्लात बुडवून बसला होता. त्याला ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

हा जोर एका मोठ्या कामासाठी लागतो. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारून इंजिन फिरवायचे दिवस संपत गेले. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ आजही शे-दीडशे अँपिअर करंट ओढतो. घरचा मिक्सर भिंतीतून दोन-तीन अँपिअर ओढतो, हे लक्षात घेतलं की या आकड्याचा दांडगेपणा कळतो. मग बॅटरी उतरवणारा खरा खादाड सेल्फच असणार, नाही का?

हिशेब करून पाहू. दीडशे अँपिअर, दोन सेकंद. गुणाकार 300. आता बंद गाडीत पन्नास मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा विसावा भाग, करंट वाहतोय असं धरा. तेवढीच वीज संपवायला त्याला किती वेळ लागेल? 6000 सेकंद. एक तास चाळीस मिनिटं! सेल्फ दोन सेकंदांत जेवढं खातो, तेवढं हा बारीक करंट एक सिनेमा संपायच्या आत खाऊन मोकळा. शिवाय सेल्फने खाल्लेलं, इंजिन चालू असताना वीज बनवणारा अल्टरनेटर एक-दोन मिनिटांत भरून देतो. उभ्या गाडीत भरून द्यायला कोणी नसतं. गाडीला संपवतो तो धावणारा तास नव्हे, थांबलेला दिवस.

तर हे परवानगीने जागे कोण? घड्याळ आहे. स्टिरिओची स्मृती आहे. चोरी झाली तर बोंब मारणारा अलार्म आहे. इंजिनचं नियंत्रण करणारा संगणक आपण शिकलेलं काही विसरू नये म्हणून किंचित जागा असतो. आणि सगळ्यात लोभस म्हणजे रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर. तुम्ही कधी बटण दाबाल हे त्याला कसं कळणार? मग तो सतत कान देऊन बसतो का? तसं केलं तर फार वीज जाईल. म्हणून तो एका सेकंदाच्या बारीक तुकड्यापुरता जागा होतो, हवेत आपल्या किल्लीची हाक आहे का ऐकतो, नसेल तर पुन्हा झोपतो. सेकंदामागून सेकंद, रात्रंदिवस. तुम्ही बटण दाबता आणि गाडी ‘लगेच’ चुकचुकते, तो ‘लगेच’ अशा असंख्य निष्फळ जाग्या क्षणांतून आलेला असतो.

हे सगळे मिळून ठणठणीत गाडीत साधारण वीस ते पन्नास मिलिअँपिअर खातात. लहान गाडीची बॅटरी बहुधा 35 अँपिअर-तासांची. पन्नास मिलिअँपिअरने दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात. दोन आठवड्यांत अर्धी बॅटरी रिकामी, आणि बॅटरी जुनी असेल तर तेवढ्यावरच सेल्फ कुरकुरतो. 2020 च्या लॉकडाउनमध्ये सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या चांगल्या चांगल्या गाड्या ओळीने मुक्या झाल्या, त्यात बिघाडाचा भाग फार थोडा होता. ते साधं गणित होतं. आता याच हिशेबात डिकीतला पाच वॉटचा एक इवलासा दिवा टाका. तो 0.4 अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तास. शुक्रवारी रात्री गाडी लावली तर रविवारी संध्याकाळी अर्धी बॅटरी गायब!

शोधाला लागण्याआधी दोन शंका फेडून घ्याव्या लागतात. पहिली, बॅटरी मुळात वीज धरून ठेवते का? रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. बॅटरी पूर्ण चार्ज करून, दोन्ही तारा सोडून ठेवूनही ती चार-आठ दिवसांत उतरत असेल, तर गाडी निर्दोष आहे. आणि बॅटरी अर्धवट उतरलेली तशीच पडून राहिली, तर पत्र्यांवरचं सल्फेट कडक होत जातं आणि मग चार्जिंगलाही दाद देत नाही. दुसरी शंका, ती भरते तरी का? इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. पावसाळ्यात आणखी एक करामत घडते. बॅटरीच्या झाकणावर धूळ आणि आम्लाचा ओलसर थर बसतो आणि त्यातूनच दोन टर्मिनलांमध्ये बारीक करंट वाहू लागतो. मीटरची एक पिन टर्मिनलला आणि दुसरी नुसत्या प्लास्टिकच्या झाकणावर टेकवली, तरी काट्यावर व्होल्ट उमटतात! हा ‘बिघाड’ ओल्या फडक्याने पुसता येतो.

हे दोन्ही ठीक असेल तर मल्टिमीटर काढायचा. पिना लाल-काळ्या टर्मिनलांवर नुसत्या टेकवून करंट मोजता येत नाही. तसं केलं तर मीटरचा फ्यूज उडतो. करंट मोजायचा तर मीटरलाच वाटेचा भाग व्हावं लागतं. निगेटिव्ह टर्मिनलची तार सोडवायची आणि तार व टर्मिनल यांच्यामध्ये दहा अँपिअरच्या खाचेत लावलेला मीटर जोडायचा. आता गाडीत जाणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्या नाक्यावरून जाणार. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारायचा नाही. दीडशे अँपिअर त्या बिचाऱ्या मीटरला झेपणार नाहीत.

मीटर लावला आणि आकडा आला... चार अँपिअर! सापडला? छे. तो करंट तुम्हीच जागा केलेला आहे.

आजच्या गाडीत लहान लहान संगणक जागोजागी असतात. दाराचा वेगळा, इंजिनाचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा. ते सगळे दोन बारीक तारांवरून एकमेकांशी बोलतात. बॉश कंपनीने 1986 साली जगापुढे मांडलेली ही पद्धत ‘कॅन’ नावाने ओळखली जाते. हे संगणक झोपतात कसे? लग्नघरात एका खोलीत दाटीवाटीने झोपलेले पाहुणे आठवा. एखादी मामी पाणी प्यायला उठली, दिवा लागला, की सगळी खोली उठून बसते आणि पुन्हा निजानीज व्हायला अर्धा तास जातो. गाडीतही तसंच. दार उघडलं, की दाराचा संगणक बाकीच्यांना उठवतो. मग ‘आता कोणाला काही बोलायचं नाही ना’ अशी खात्री होईपर्यंत कोणीच झोपत नाही. गाडीगणिक यात काही मिनिटं जातात, कधी वीस ते चाळीस.

म्हणून वाट पाहायची. किल्ली दूर नेऊन ठेवायची, कारण किल्ली खिशात ठेवूनच चालणाऱ्या काही गाड्या जवळची किल्ली ओळखून तिच्याशी गप्पा मारत बसतात. पण दार तर उघडं हवं, नाहीतर आतल्या फ्यूजांपर्यंत हात कसा पोचणार? इथे मेकॅनिक एक नामी युक्ती करतात. उघड्या दाराच्या लॉकची खिट्टी स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करून टाकतात. दार सताड उघडं, आणि गाडीची पक्की समजूत की ते बंद आहे! काम झाल्यावर खिट्टी आठवणीने सोडवायची, नाहीतर दार आपटलं की लॉक तुटतं.

आता मीटरकडे पाहत राहा. चार अँपिअर. मग दीड. मग आठशे मिलिअँपिअर. एकेक संगणक झोपतोय आणि ते तुम्हाला आकड्यांत दिसतंय. चांगल्या गाडीत आकडा उतरत उतरत तीस-चाळीसवर येऊन थांबतो. समजा तुमचा आकडा 190 वर अडला. म्हणजे दीडशे जास्तीचे. कोणीतरी झोपायला तयार नाही.

पूर्वी यापुढचं काम सोपं होतं. एकेक फ्यूज उपसायचा आणि आकडा कधी पडतो ते बघायचं. ज्या फ्यूजने पडला, त्याच्या वाटेवर दोष. शुद्ध वजाबाकी! पण नव्या गाडीत फ्यूज काढला की त्या वाटेवरचा संगणक मरतो, परत लावला की तो खडबडून उठतो आणि सगळ्यांना उठवतो. त्याहून वाईट म्हणजे, अडकून बसलेला संगणक वीज तुटताच शुद्धीवर येतो आणि दोष नाहीसा होतो. आठवड्याने परत येण्यासाठी! दोष शोधायच्या कृतीनेच दोष पळून जावा, हा केवढा पेच.

त्याचं उत्तर इतकं साधं आहे की हसू येतं. फ्यूज काढायचाच नाही. गाडीतल्या चपट्या रंगीत फ्यूजच्या माथ्यावर नीट पाहा. प्लास्टिकमध्ये दोन बारीक भोकं दिसतील आणि आत चकाकणारा धातू. ती मीटरची पिन टेकवण्यासाठीच ठेवलेली असतात. फ्यूज म्हणजे धातूची बारीक पट्टी, आणि प्रत्येक धातू करंटला किंचित अडवतो. दहा अँपिअरच्या फ्यूजचा रोध एका ओहमच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो, साधारण सात-आठ हजारांश. 1827 साली गेऑर्ग ओहमने सांगून ठेवलंय की रोधातून करंट गेला की दोन टोकांमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो. शंभर मिलिअँपिअर वाहत असेल तर त्या इवल्या पट्टीवर एका व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक दिसेल. पण दिसेल! बाजारातला साधा डिजिटल मीटर तेवढं टिपतो. फ्यूजमागून फ्यूज पिना टेकवत जायचं. शून्य, शून्य, शून्य... आणि एका ठिकाणी एक मिलिव्होल्ट. तिथे करंट वाहतोय! काही काढलं नाही, काही तोडलं नाही, कोणाची झोप मोडली नाही. कोणत्या फ्यूजवर किती मिलिव्होल्ट म्हणजे किती मिलिअँपिअर, याचे तयार तक्तेही मिळतात. ज्या पट्टीचं काम संकटात जळून जाणं, तीच शांततेत मोजमापाचं साधन होते.

फ्यूज सापडला की नकाशा पाहायचा, की त्याच्यापुढे काय काय आहे. मग निघतात एकेक मासले. एक रिले, म्हणजे कॉइलने चालणारा स्विच, ज्याची कॉइल सुटलेलीच नाही. ती सुमारे दीडशे मिलिअँपिअर खाते, आणि तिला शोधायला बोटही पुरतं, कारण रात्रभर बंद गाडीतला हा एकच रिले कोमट लागतो. ग्लोव्ह बॉक्सचा दिवा, ज्याचं बटण झाकण लावल्यावरही दाबलं जात नाही. बंद डब्यातला दिवा विझला हे कळणार कसं? मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो आत ठेवायचा आणि झाकण लावायचं! फोन बाहेर आला की साक्ष देतो.

आणि नेहमीचा मानकरी म्हणजे नंतर बसवलेला स्टिरिओ. त्याला विजेच्या दोन तारा असतात. पिवळी स्मृतीसाठी कायम चालू, लाल किल्लीबरोबर चालू-बंद होणारी. किल्लीची तार शोधायचा कंटाळा आला की फिटिंगवाला दोन्ही एकत्र पिळून ‘डायरेक्ट’ देतो. गाणी उत्तम वाजतात. फक्त किल्ली काढली हे त्या स्टिरिओला कधी कळतच नाही. डॅशकॅम, ट्रॅकर, जादा हॉर्न, डॅशबोर्डखालच्या खाचेत लावून विसरलेलं डोंगल, या सगळ्यांचीही चौकशी करावी.

सगळे फ्यूज शून्य दाखवत असतील तर? तेव्हा कोडं आणखी रंगतं. काही वाटा या लहान फ्यूजांवरून जातच नाहीत. अल्टरनेटरची जाड तार त्यातलीच. अल्टरनेटर उलटसुलट दिशेची वीज बनवतो आणि त्यातले डायोड तिला एकाच दिशेने बॅटरीकडे सोडतात. परत येऊ देत नाहीत. डायोड गळका झाला की इंजिन बंद असताना बॅटरीची वीज मागे अल्टरनेटरमध्ये झिरपते. दिवसभर बॅटरी भरणारा रात्री तीच रिकामी करतो! निगेटिव्ह काढून मग ती जाड तार सोडवायची, पुन्हा मोजायचं, आकडा पडला तर निकाल लागला.

आणि काही दोष मोजताना हजरच नसतात. गाडी तासभर गाढ झोपते, मग एखादा संगणक उठतो, पाच मिनिटं जागतो, पुन्हा झोपतो. तुमचा मीटर नेमका शांत वेळी तीस दाखवतो. अशा वेळी रात्रभर नोंद ठेवणारा मीटर लावतात. सकाळी आलेखात दर तासाला एक सुळका उभा दिसला, की पुढे चौकशी त्या वेळापत्रकाची करायची.

इलेक्ट्रिक गाडी घेतली की हे सगळं सुटलं, असं वाटतंय? बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांच्या नाकात आजही बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते. पोटातल्या शेकडो व्होल्टच्या अवाढव्य बॅटरीला मोटारीशी जोडणारे स्विच मिटायला आणि संगणक उठायला वीज लागते ती या छोट्या बॅटरीची. ती उतरली, तर शेकडो किलोमीटर धावायची वीज पोटात असूनही गाडी जागची हलत नाही.

तेव्हा बॅटरी उतरायची वाट पाहू नका. गाडी ठणठणीत असतानाच ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तिचा झोपेतला आकडा काढून घ्या आणि सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. दोन चहा होईपर्यंत गाडी झोपते, मोजायला मिनिटभर लागतं. पुढे कधी नवा स्टिरिओ किंवा कॅमेरा बसवलात, तर पैसे देण्याआधी तोच आकडा पुन्हा काढायला सांगा. तीसचे दोनशे झाले असतील, तर तारा कुठे ‘डायरेक्ट’ दिल्या आहेत, हे फिटिंगवाल्याला तिथल्या तिथे विचारता येईल.